पैसे आणि तारखा जपून हाताळ

प्रोग्रॅमिंगची कुठली भाषा शिकावी यावर महिना घालवू नकोस. पायथन घे नाहीतर जावास्क्रिप्ट, पण पहिल्याच दिवशी ०.१ + ०.२ करून बघ. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो आणि ०.१ तिथे नेमका बसतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशमानात बसत नाही.

हे मी वाचलेलं होतं, तरी बिलाच्या प्रोग्रॅममध्ये रकमा फ्लोटमध्येच, म्हणजे अशाच द्विमान अपूर्णांकात, ठेवल्या. महिनाअखेरीस बेरीज किरकोळ चुकायची आणि हिशेब बघणाऱ्या बाई उशिरापर्यंत बसून स्वतःची चूक शोधायच्या. चूक माझी होती. मला ते कळायला तीन आठवडे लागले. तेव्हा रकमा सर्वांत लहान एककात (रुपयांऐवजी पैशांत), पूर्णांकात ठेव, किंवा डेसिमल, म्हणजे आकडे दशमानातच साठवणारा प्रकार, वापर.

तारखांचंही तसंच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत (०-१ च्या ३२ घरांत) मोजणाऱ्या यंत्रणांची जागा १९ जानेवारी २०३८ ला संपते. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आत्ताच त्यापलीकडे पडतो, म्हणजे हा प्रश्न आजचाच आहे. घडून गेलेली वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठव. पुढची भेट असेल तर टाइमझोनचं नावही सोबत ठेव, कारण घड्याळाचे नियम सरकारं मधेच बदलतात.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन? आजपासून वापर, त्यावर चर्चा नको.

आणि एकदा तरी तुझा प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या मागे गुपचूप उभा राहा. तुला ढळढळीत दिसणारं बटण त्याला सापडणार नाही. सांगायला जीभ वळवळेल. बोलू नकोस, नुसतं बघ.