वाचकांचे प्रश्न : मृग, सावली आणि हिमयुग

प्रश्न (अथणी) : मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, मग पाऊस जूनची वाट का बघतो? आणि घाटातल्या कणकुंबीला धो धो कोसळतो, तो आमच्याकडे येईपर्यंत आटतो कसा?

उत्तर : रोजचे ऊन जमिनीत जेमतेम वीतभर उतरते. समुद्रात मात्र लाटांमुळे ती उष्णता कित्येक मीटर खोल मिसळते. शिवाय तितकेच पाणी तापवायला कोरड्या मातीच्या चार-पाच पट उष्णता लागते. त्यामुळे जमीन आधी तापते आणि तिच्यावरचा हवेचा दाब उतरतो. पण कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून अरबी समुद्रावरचे वारे नैर्ऋत्येकडून वाहू लागेपर्यंत जून उजाडतो. मधला वळीव स्थानिक ढगांचा, त्याला मॉन्सून म्हणू नये. हे वारे घाट चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच टाकतात. अथणीच्या वाट्याला उरलेसुरले येते.

प्रश्न (शिक्षिका, खानापूर) : शून्य सावलीचा प्रयोग मुलांकडून करून घ्यायचा आहे. कधी आणि कसा करावा?

उत्तर : सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. खानापुरात 3 मे, बेळगावात 4, निपाणीत 5-6, अथणीत 7 मेच्या आसपास, एखादा दिवस मागेपुढे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तुमच्याकडे तेव्हा ढग हटतील याचा भरवसा नाही, तेव्हा मेच धरा.

एक मीटरची सरळ काठी सपाट जागेवर रोवा आणि गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून ती तपासा. काठी एका अंशाने कलली तरी पावणेदोन सेंटिमीटर सावली पडते. प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच. दुसरी चूक घड्याळाची. आपली वेळ 82.5 अंश रेखांशाची आणि आपण 74.5 अंशांवर, म्हणून खरी मध्यान्ह बाराला नसते. मेच्या सुरुवातीला ती सुमारे 12.29 ला येते. 12.15 पासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपा. हेच तीन-चार दिवस करा. मध्यान्हीची सावली रोज सुमारे पाच मिलिमीटरने बदलते, आणि हे मुलांना एका दिवसाच्या चमत्कारापेक्षा जास्त शिकवते.

प्रश्न (निपाणी) : मृग 7-8 जूनला निघतो. हजार वर्षांपूर्वीही हीच तारीख होती का?

उत्तर : नाही. मृग निघतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. आजच्या दिनदर्शिकेने मोजले तर तेव्हा मृग मेच्या शेवटच्या आठवड्यात निघत असे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे नक्षत्रांवर मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे भरते आणि साधारण 71 वर्षांत एक दिवस सरकतो. पाऊस नक्षत्र बघून येत नाही, ऋतू बघून येतो.

हेच डुलणे मॉन्सूनलाही हलवते. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आणि जुलैत मिळणारे ऊन जानेवारीपेक्षा जवळपास 7 टक्क्यांनी कमी असते. सुमारे 11,000 वर्षांपूर्वी उलट होते : जवळीक आपल्या उन्हाळ्यात येई, जमीन अधिक तापे आणि मॉन्सून आजच्यापेक्षा जोरदार असे. सहारातही तेव्हा तळी आणि गवत होते. वर्षभराचे एकूण ऊन फारसे बदलले नव्हते, ते कोणत्या महिन्यात पडते एवढेच बदलले होते.

बर्फाचेही असेच. सर्बियाचे शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांनी हिमयुगांचा हिशेब मांडला तो 65 अंश उत्तर अक्षांशावरच्या उन्हाळ्यातल्या उन्हाचा. कडक हिवाळ्याने हिमयुग येत नाही, थंड उन्हाळ्याने येते. गेल्या हिवाळ्यातले हिम वितळले नाही तर त्यावर पुढचे साचते. ताजे हिम 80 टक्क्यांहून अधिक ऊन परतवते आणि गारठा आणखी वाढतो. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी कॅनडावर किलोमीटरांच्या जाडीचे बर्फ होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता.

ओघात सांगतो : आजची तापमानवाढ या डुलण्याच्या खात्यावर टाकता येत नाही. उत्तरेतले उन्हाळ्याचे ऊन गेली काही हजार वर्षे कमीच होत आले आहे. वाढला आहे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड, दशलक्षात 280 भागांवरून 420 च्या वर.