कोळशाच्या मातीत खापरं आणि हाडं घालावीत का?

ॲमेझॉनच्या जंगलातल्या काळ्या मातीसारखी माती करायला वाफ्यात कोळसा मिसळताना खापरं आणि हाडंही घालावीत का, असं तुम्ही विचारलंत. खापरं घाला, हाडांची घाई नको.

ती ॲमेझॉनची काळी माती म्हणजे तिथल्या जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यावर साठत गेलेला कोळसा, राख, मासळीची-जनावरांची हाडं, फुटकी मडकी. मूळची माती आम्लधर्मी आणि निकस, म्हणून हाडातलं फॉस्फरस आणि कॅल्शियम तिथे कामी आलं. आपली इंदूरची काळी माती उलट्या स्वभावाची: चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात हाडांचा चुरा विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय रात्रीतून कुत्री वाफा उकरतात, तो अनुभव मी घेतलाय. हाडं घालायचीच तर भाजून, कुटून, कंपोस्टच्या ढिगात घाला.

खापरं खत नव्हेत. पण आपली माती पावसात चिकटते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे फुटक्या माठाचे, चहाच्या कुल्हडांचे हरभऱ्याएवढे तुकडे हवा खेळती ठेवतात, थोडं पाणीही धरतात. माठ गोणपाटात गुंडाळून फोडा, कपच्या डोळ्यात उडतात. चकाकी दिलेली, रंगवलेली भांडी नकोत, त्यात शिसं असू शकतं.

खरी गोम कोळशात आहे. कोरडा घातलात तर सुरुवातीला तोच नत्र धरून बसतो आणि मेथी पिवळी पडते. आधी दोन-तीन आठवडे शेणकाल्यात भिजवा. आणि कंपोस्ट सढळ हाताने! इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डने 1924 ते 1931 मध्ये इथेच बसवलेली कंपोस्ट करायची ‘इंदूर पद्धत’ आपल्या मातीला हाडांपेक्षा जास्त मानवते.