खडकाच्या वजनाने तेल दाबलं जातं का?

तुमचे प्रश्न दोन: जमिनीखालच्या तेलाच्या साठ्यातला दाब वरच्या खडकाच्या वजनामुळे असतो का, आणि तेल उपसत गेलं की तो संपतो का?

पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असं आहे. इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरलं, तरी वरच्या मजल्यांचा भार त्या पाण्यावर येत नाही, तो खांब पेलतात. खडकातही भार एकमेकांना टेकलेल्या कणांमधून खाली जातो. कणांमधल्या छिद्रांतलं पाणी सलग वरपर्यंत जोडलेलं असतं, म्हणून तिथला दाब त्या पाण्याच्या उंचीवर ठरतो: दर 10 मीटरला साधारण 1 बार, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा. 3000 मीटर खोलीवर 300 बारच्या आसपास. तिथेच खडकाचा एकूण भार 650-700 बार भरतो.

अपवाद आहे, आणि तो धोकादायक आहे. चिकणमातीचा गाळ झपाट्याने साचला, तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेलं पाणी मग खडकाचा काही भार स्वतः उचलतं आणि दाब नेहमीपेक्षा बराच वाढतो. अशा थरात हलक्या मडने (ड्रिलिंग करताना विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवाने) ड्रिलिंग केलं, तर विहीर उसळू शकते.

आता दुसरा प्रश्न. दाब शून्यावर येण्याच्या कितीतरी आधी विहीर आपणहून वाहायची थांबते. 3000 मीटर तेलाचा स्तंभ वर ढकलायलाच, त्यात वायू मिसळलेला नसेल तर, 235 बारच्या आसपास दाब लागतो. पुढे पंप बसवता येतो, पण मला त्याहून मोठी काळजी वाटते ती बबल पॉइंटची. त्या दाबाखाली गेलं की तेलात विरघळलेला वायू सुटू लागतो. सुरुवातीला तो फुगून तेल पुढे ढकलतो, मदतच करतो. पण वायू तेलापेक्षा फार पातळ. बुडबुडे एकमेकांना जोडले गेले की तो विहिरीकडे धावतो आणि तेल मागे राहतं, तेही आधीपेक्षा दाट होऊन. केवळ या वायूच्या जोरावर चालणारा साठा साधारण 5 ते 30 टक्केच तेल देतो. घाईने उपसा करणं मला म्हणूनच पटत नाही. खालून पाण्याचा भक्कम आधार असेल, तर गोष्ट वेगळी.

तो आधार नसेल तर आपण साठ्यात पाणी सोडून दाब टिकवतो. पण खडकाचा स्वभावही बघावा लागतो. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात दाब घटला तसा खडूचा मऊ खडक चेपत गेला आणि समुद्रतळ खचला. 1987 मध्ये तिथले प्लॅटफॉर्म 6 मीटर उचलावे लागले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला सुरुवात झाली, पुढे दाब सावरला, तरी खचणं थांबेना, कारण पाण्याने तो खडूच आणखी कमकुवत होत होता.