अलिबाग ते मुरूड चालत मदतनिधी जमवायचा आहे. शेवटपर्यंत पोहोचता येईल का?

हो, नक्की पोहोचाल. तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईच्या पाम बीच रोडला चालायची रोजची सवय आहे. अलिबाग ते मुरूड अंतर साधारण 50 किलोमीटर. दम तुमच्याकडे आहेच, त्याची काळजी नको. मी नेरूळचा. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाकडून येणाऱ्या कुटुंबांच्या राहण्या-जेवणासाठी आम्ही काही जण याच वाटेने चाललो. त्यावरून सांगतो: आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा.

कोकणात भरतीचा हिशेब तोंडावर असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. तिथून सहाएक तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला निघालात तर चालण्याजोगी ओली, घट्ट वाळू मिळणार ती भर दुपारी. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि उधाणामुळे पाणीही लांबवर ओसरतं. उजाडता उजाडता आक्षीच्या वाळूत उतरा, ऊन चढलं की नागावात नारळी-पोफळीच्या सावलीत आडवे व्हा, संध्याकाळी रेवदंडा गाठून मुक्काम करा. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाचं कोष्टक बघाच.

किनारा पाण्याकडे उतरता असतो, हे पाम बीचच्या फुटपाथवर कळत नाही. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय सतत खालच्या अंगाला पडतो. तासाभरात कंबर बोलायला लागते. त्यामुळे पाण्याच्या अगदी कडेने न चालता जिथे वाळू सपाट आणि घट्ट आहे तो पट्टा धरा. आणि बूट काढून वाळू झटकायचा कंटाळा करू नका. बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन, मोज्यांचे दोन-तीन कोरडे जोड. फोड येतो तो ओल्या मोज्यातल्या चिमूटभर वाळूने.

वाट नुसती उरकू नका. आक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तिथे दोन मिनिटं थांबाच. पुढे कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून आलेली बोली आजही बोलतात. मला ती कानावर पडली तेव्हा पायांचं दुखणं विसरायला झालं.

साळावच्या पुलानंतर बराचसा डांबरी रस्ता आणि चढउतार. काशीद ते मुरूड हा टप्पा सगळ्यांत जड जातो. किलोमीटरमागे अमुक रुपये असं लोकांकडून कबूल करून घेतलं असेल, तर त्याचा खरा आधार इथेच मिळतो. पुढचा प्रत्येक किलोमीटर म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं जेवण, हे आम्ही एकमेकांना मोठ्याने सांगत चाललो आणि पोहोचलो. पैसे मात्र स्वतःच्या खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या, पैसे देणाऱ्याला पावती तिथूनच मिळेल.

तारीख ठरली की कळवा. साळावच्या पुलापासून मुरूडपर्यंत मी सोबत येतो.