दिवाळीच्या कमाईवर वर्षाचा निर्णय नको

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपण सोलापूरच्या पूर्व भागात राहता, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात नगावर शिलाई करता, यजमान यंत्रमागावर कामाला आहेत आणि थोरली मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे. खणाचे बटवे, राख्या, कापडी आकाशकंदील, चादरीच्या तुकड्यांच्या पिशव्या आणि संक्रांतीला हलव्याचे दागिने ती घरीच करून विकते. गेल्या दिवाळीत तिच्या हाती एकदम बरी रक्कम आली आणि तेव्हापासून ती कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करण्याचे म्हणते आहे. त्याच धावपळीत परीक्षेत तिचे दोन विषय राहिले. तिला शिक्षण सोडू द्यावे का, नातेवाईक सुचवतात तसे कर्ज काढून जुकी मशीन, म्हणजे कारखान्यातले विजेवरचे शिलाई मशीन, घ्यावे का, आणि हातकामावर मुलीचा संसार उभा राहील का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. तिचे काम थांबवू नका, पदवी सोडू देऊ नका आणि कर्ज आज काढू नका. पूर्ण वेळ या व्यवसायात उतरावे की नाही, हा निर्णय एका दिवाळीच्या कमाईवर न घेता एका संपूर्ण वर्षाच्या हिशेबावर घ्यावा, आणि त्या हिशेबात तिच्या स्वतःच्या वेळेची मजुरी धरलेली असावी. आपल्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच, की मुलीने सामानाचा खर्च पै-पैने लिहून ठेवला आहे, पण तिचे हात किती तास चालले याची एकही नोंद नाही.

एक बटवा घेऊन पाहू. आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतो, ते तिने आपल्या वहीतून बदलून घ्यावेत. खण, अस्तर, चेन, दोरा, गोंडा असे साहित्य ₹55 चे आणि वेष्टन ₹10 चे. बटवा ₹150 ला विकला, म्हणून ती ₹85 सुटले असे समजते. परंतु कापणे, अस्तर लावणे, शिवणे, उलटवणे, इस्त्री करणे, फोटो काढणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे यांत दीड तास गेला असेल आणि तासाला केवळ ₹60 धरले, तरी मजुरीच ₹90 होते. वीज, बिघडलेले नग आणि येण्याजाण्याचा खर्च यांसाठी ₹15 धरा. म्हणजे बटव्याची खरी किंमत ₹170 झाली आणि ती प्रत्येक बटव्यामागे स्वतःच्या मजुरीतले ₹20 सोडून देत आहे. हाच बटवा एखाद्या दुकानात ठेवला आणि दुकानदाराने विक्रीचा चौथा हिस्सा घेतला, तर तिच्या पदरात ₹170 पडण्यासाठी किंमत सुमारे ₹227 ठेवावी लागेल. दिवाळीत हाती आलेली रक्कम मोठी वाटली, ती बऱ्याच अंशी न मोजलेल्या रात्रींची होती.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. आपण नगावर काम करता. एका शर्टाच्या कॉलरला किती वेळ लागतो, बाही जोडायला किती, कोणत्या दराला काम परवडते आणि कोणत्या दराला नुसती पाठ दुखते, हे आपल्याला तोंडपाठ आहे. हे ज्ञान मुलीला द्या. ती एकेक बटवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत असेल, तर कारखान्यातल्याप्रमाणे वीस बटव्यांचे कापड एकदम कापणे, मग सगळ्यांना चेन लावणे, मग सगळे उलटवणे, अशी कामाची मांडणी तिला दाखवा. वेळ दीड तासावरून एका तासावर आला तर वरच्याच हिशेबाने किंमत ₹140 वर येते आणि ₹150 ला विकूनही थोडे उरते. दुसरा उपाय म्हणजे जे काम खरोखर वेगळे आणि वेळखाऊ आहे, उदाहरणार्थ हाताचे भरतकाम, त्याची किंमत न लाजता जास्त सांगणे. नात्यातल्या आणि ओळखीच्या बायकांना किंमत सांगताना मुलींची जीभ अडखळते, याची मला कल्पना आहे. तिथे आपण आई म्हणून पुढे व्हावे.

आता ऋतूंविषयी. मुलगी म्हणते की तिला सगळे सणावारांतून सुचते, आणि आपल्याला मात्र ते सणापुरते खूळ वाटते. या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे, कारण या व्यवसायात सण हेच बाजाराचे पंचांग असते. परंतु ज्या महिन्यात सुचते त्या महिन्यात ती वस्तू विकली जात नाही, हे तिने ध्यानात घ्यायला हवे. राख्या श्रावणात विकायच्या, तर त्या ज्येष्ठाच्या उकाड्यात झाल्या पाहिजेत. आकाशकंदिलाचे कापड भाद्रपदात कापून ठेवावे लागते; पितृपक्षात खरेदी मंदावते, तोच पंधरवडा कंदील शिवायला उत्तम. हलव्याच्या दागिन्यांचे गणित त्याहून नाजूक आहे. हलव्याला काटा चांगला यायचा तर थंडी हवी, मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडत बसण्याचा धीर हवा, आणि तयार हलवा ओल धरतो म्हणून तो महिनोन्महिने साठवताही येत नाही. म्हणून हार, बांगड्या, मुकुट यांचे पुठ्ठे, गोटा, मणी ही तयारी आश्विनात करून ठेवावी आणि हलवा मार्गशीर्षाच्या थंडीत करावा. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचे बोरन्हाण यांसाठी दागिने रथसप्तमीपर्यंत लागतात, त्यानंतर त्यांना गिऱ्हाईक नाही. उरलेले दागिने पुढच्या वर्षी चालत नाहीत, तेव्हा हे काम आगाऊ मागणी आणि निम्मी रक्कम घेऊनच करावे.

पंचांगाचा आणखी एक मुद्दा तरुण मुलींच्या लक्षात येत नाही. अधिक महिना आला की त्यानंतरचे सण इंग्रजी तारखांप्रमाणे पुढे सरकतात. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते आणि अधिक श्रावण आलेल्या 2023 साली ते 12 नोव्हेंबरला होते. मागच्या वर्षीच्या तारखा पाहून कापड भरले तर भांडवल अडकून राहते किंवा घाई होते. वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग समोर ठेवून, प्रत्येक सणाच्या किती आधी खरेदी, किती आधी काम आणि किती आधी विक्री, हे तिने लिहून काढावे.

रिकामे महिनेही त्यात दिसतील. सोलापूरचा एप्रिल-मे हा हातकामाला सोपा नाही. गरम डिंकाने चिकटवलेले मणी आणि टिकल्या उन्हात तापलेल्या गाडीतून पार्सल गेले की सुटतात, म्हणून त्या दिवसांत पाठवायच्या वस्तू चिकटवण्याऐवजी शिवलेल्या असाव्यात. मात्र याच महिन्यांत लग्नसराई असते आणि रुखवत, ओटीच्या पिशव्या, पानसुपारीचे बटवे यांना मागणी येते. लग्नाची मागणी एकदम पन्नास-शंभर नगांची असते, तिची तारीख आधी ठरलेली असते आणि तिला सणाची वाट पाहावी लागत नाही. व्यवसाय वर्षभर चालवायचा असेल तर माझ्या मते राखी आणि कंदिलांपेक्षा या कामाकडे तिने जास्त लक्ष द्यावे. रुखवतात थर्माकोल टाळावा. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि कापड, कागद, बांबू यांतली मांडणी अधिक देखणी होते, हे ती करून दाखवू शकेल.

तिच्या कामाचे फोटो मी लक्षपूर्वक पाहिले. शिलाईत सफाई आहे, रंगांची जाण आहे, परंतु निम्मे नमुने मोबाईलवर सर्वत्र दिसणारेच आहेत. तेच नमुने शेकडो मुली करत असतील तर गिऱ्हाईक सर्वांत स्वस्त वस्तू उचलणार. तिच्याभोवतीचे सोलापूर मात्र इतर कोणाजवळ नाही. सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज आणि त्यांना बांधलेले बाशिंग, होम मैदानावरची गड्डा यात्रा, आपल्या भागातली नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथाची मिरवणूक, नवरात्रात तेलुगू बायकांच्या बतुकम्मा सणासाठी रचलेल्या फुलांच्या उतरंडी, आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्यांच्या पताका, कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर लोटलेली माणसे, हुरड्याच्या दिवसांतली मंगळवेढ्याची ज्वारी आणि फोडलेल्या डाळिंबाचे दाणे, यांतून तिने रंग आणि आकार वहीत टिपावेत. बतुकम्माच्या फुलांच्या थरांवरून बटव्याचा पट्टा होऊ शकतो आणि बाशिंगाच्या आकारावरून कंदील. मुलांच्या राख्यांवर दूरदर्शनवरची प्रसिद्ध कार्टून पात्रे लावून विकणे तिने बंद करावे. त्या चित्रांवर दुसऱ्याचा हक्क असतो.

खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असेल तर तसे चिठ्ठीवर लिहावे. चादरीच्या बाबतीत अधिक काटेकोर राहावे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येते, त्यामुळे बाहेरून आलेल्या स्वस्त कापडाच्या पिशवीला सोलापुरी चादरीची पिशवी म्हणणे गैर ठरेल. ज्यांचे घर मागावर चालते, त्यांच्याकडून ही चूक होऊ नये असे मला मनापासून वाटते. जाड तुकडे शिवताना 16 किंवा 18 नंबरची सुई आणि कडेला पायपिंग ही काळजी आपण तिला सांगितलीच असेल.

पुढे कापडी बाहुल्या करण्याचा तिचा विचार आहे. त्याआधी हे जाणून घ्यावे, की चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. म्हणून त्या नोंदणीचे कारागीर ओळखपत्र मिळवणे हे बाहुल्यांच्या आधीचे काम आहे. छोट्या व्यवसायाची सरकारी उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला वार्षिक उलाढाल ₹40 लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही; परराज्यात ऑनलाइन विक्रीचे नियम निराळे असल्याने त्याआधी करसल्लागाराला विचारावे. विक्रीच्या पैशांसाठी तिच्या नावे वेगळे बचत खाते आजच उघडावे, म्हणजे घरखर्चात ते मिसळणार नाहीत.

कर्जाविषयी. जुकी मशीन रोज चालले तरच त्याचा हप्ता फिटतो, आणि तिचे काम अजून वर्षातले काही महिनेच जोरात असते. मागणी इतकी वाढली की घरचे मशीन आणि आपले रविवार पुरेनासे झाले, तर छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ₹50,000 पर्यंत कर्जासाठी अर्ज करता येतो. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपी आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. त्यात अवजारांसाठी ₹15,000 पर्यंत साहाय्य आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो आणि अर्जदार तो व्यवसाय आधीपासून स्वतः करणारा असावा लागतो. जिल्हा उद्योग केंद्रात तिला सोबत घेऊन जावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत.

शिक्षणाच्या बाबतीत मी ठाम आहे. तिला आज जे अडते आहे, म्हणजे खर्चाची मांडणी, किंमत ठरवणे, येणे-देणे, कर, तोच बी.कॉम.चा विषय आहे. या पदवीमुळे एखादे वर्ष मंदीचे गेले तरी तिला नोकरी करता येईल आणि काम सोडून द्यावे लागणार नाही. रोजची हजेरी खरोखर जमेनाशी झाली तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करण्याचा मार्ग आहे, पण तो दुसरा पर्याय समजावा. पदवीनंतर कौशल्य वाढवायचे असेल तर आयटीआयमध्ये शिवणकाम आणि भरतकामाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात आणि त्यांचा खर्च आपल्या आवाक्यातला आहे. निफ्टसारख्या फॅशन शिक्षणाच्या संस्थेतला डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम उत्तम असला तरी प्रवेश परीक्षा, वयाची अट आणि चार वर्षांचा मोठा खर्च पाहता, केवळ हौस म्हणून तिकडे वळावे असे मी सुचवणार नाही.

संसार उभा राहील का, या प्रश्नाचे उत्तर तिची वही देईल. येत्या गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत प्रत्येक महिन्याचा खर्च, तास आणि विक्री तिने लिहावी. तिची मजुरी वजा न करता उरलेल्या वर्षभराच्या शिलकीला तासांनी भागल्यावर येणारा दर आपल्या कारखान्यातल्या दराच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल, आणि निदान आठ महिने काही ना काही विक्री झाली असेल, तर पदवी हाती येताच तिला या कामात पूर्ण वेळ उतरू द्यावे, आणि तेव्हा आपण तिच्या पाठीशी उभे राहावे अशी माझी आपल्याला विनंती आहे. दर त्याखाली आला तर नोकरीबरोबर हे काम जोडधंदा म्हणून चालू ठेवावे.

राहिलेल्या दोन विषयांचे पेपर तिने पहिल्या संधीला द्यावेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे वेळापत्रक जाहीर झाले की ते पंचांगाशेजारीच भिंतीवर लावावे. परीक्षा दिवाळीच्या आगेमागे आल्या, तर कंदिलांच्या मागण्या कोजागरीला बंद होतील, असा संदेश तिने गिऱ्हाइकांना नवरात्राच्या आधीच पाठवावा, आणि त्यानंतर आलेली मागणी कितीही जवळच्या माणसाची असली तरी पुढच्या वर्षासाठी लिहून घ्यावी.