प्रतिभाताई पाटील: राष्ट्रपतिपदाआधीची पंचेचाळीस वर्षं आणि २००७ चा मतांचा हिशेब

विचारलेले प्रश्न दोन आहेत. प्रतिभाताईंना २००७ च्या राष्ट्रपती निवडणुकीसाठी कुठून तरी शोधून आणलं होतं का? आणि शिवसेनेच्या मतांशिवाय त्या निवडून आल्या असत्या का? पहिल्याचं उत्तर ठामपणे 'नाही', दुसऱ्याचं ठामपणे 'हो'.

१९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून विधानसभेवर गेल्या. शिक्षण मू. जे. महाविद्यालयात, मग मुंबईत कायद्याची पदवी आणि जळगाव न्यायालयात वकिली. १९६७ पासून १९८५ पर्यंत त्या सलग एदलाबादच्या आमदार होत्या. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर; जुने निकाल शोधताना नवं नाव टाकलं की काही हाती लागत नाही, आणि मग 'या नक्की कुठून निवडून यायच्या' असा घोळ होतो. वसंतराव नाईकांच्या काळात त्या आधी उपमंत्री होत्या, १९७२ मध्ये समाजकल्याण खात्याच्या कॅबिनेट मंत्री झाल्या. पुढे आरोग्य, दारूबंदी, पुनर्वसन, शिक्षण, नगरविकास, गृहनिर्माण, नागरी पुरवठा अशी खाती वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली सांभाळली. एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत.

माझ्या मते या सगळ्यात कमी लेखला गेलेला टप्पा म्हणजे जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८०. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार सत्तेवर असताना विधानसभेच्या विरोधी पक्षनेत्या त्या होत्या. काँग्रेस पक्ष फुटलेला, सत्ता गेलेली, अशा वेळी सभागृहात पक्षाची बाजू लढवणं हे मंत्रिपदापेक्षा कठीण काम आहे.

१९८५ मध्ये त्या राज्यसभेत गेल्या आणि नोव्हेंबर १९८६ पासून दोन वर्षं उपसभापती होत्या. जुलै १९८७ मध्ये उपराष्ट्रपती वेंकटरमण राष्ट्रपती झाले आणि उपराष्ट्रपतीकडेच असणारं राज्यसभेचं सभापतिपद रिकामं झालं. अशा वेळी घटनेच्या कलम ९१ नुसार सभापतीचं काम उपसभापतीकडे येतं. म्हणून २५ जुलै ते २ सप्टेंबर १९८७ या काळात ते काम ताईंनी पाहिलं. उपसभापती आणि उपराष्ट्रपती ही पदं वेगळी आहेत. त्या उपराष्ट्रपती कधीच नव्हत्या. त्यानंतर प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद आणि १९९१ मध्ये लोकसभा. ती जळगावातून नव्हे, अमरावतीतून, म्हणजे सासरच्या गावाहून.

मग दिल्लीला त्या अनोळखी का वाटल्या? दोन कारणं. केंद्रात त्या कधीच मंत्री नव्हत्या. आणि १९९६ ला खासदारकी संपल्यावर नोव्हेंबर २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल होईपर्यंत त्या राष्ट्रीय बातम्यांमध्ये फारशा नव्हत्या. पण राजभवनातही त्या नुसत्या सही करायला बसल्या नव्हत्या. २००६ मध्ये वसुंधरा राजे सरकारचं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी सही न करता परत पाठवलं होतं.

आता मतांचा हिशेब. राष्ट्रपती निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरतं: लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, आणि आलेला आकडा भागिले १०००. महाराष्ट्राचं येतं १७५, उत्तर प्रदेशचं २०८. खासदाराचं २००७ मध्ये ७०८ होतं. ताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं पडली, त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६. फरक ३,०६,८१०.

शिवसेनेचे २००४ मध्ये निवडून आलेले सगळे, म्हणजे ६२ आमदार आणि १२ खासदार धरले (नंतर काही सोडून गेले, तरीही), तर १०,८५० अधिक ८,४९६, म्हणजे १९,३४६. राज्यसभेतले सदस्य धरूनही आकडा पंचवीस हजारांच्या आतच राहतो. ही मतं शेखावतांकडे वळवली तर फरक याच्या दुपटीने, म्हणजे फार तर पन्नास हजारांनी घटतो. अडीच लाखांहून जास्त मताधिक्य तरीही उरतंच. नुसत्या संख्येत पाहिलं तर बसपाचे उत्तर प्रदेशातले आमदार जड होते: मे २००७ मध्ये निवडून आलेले २०६ गुणिले २०८, म्हणजे ४२,८४८. 'मराठी राष्ट्रपती' म्हणून एनडीएत राहूनही सेनेने ताईंना दिलेला पाठिंबा राजकीयदृष्ट्या मोठा होता, निर्णायक नव्हता.

दयेच्या अर्जांवरून त्यांच्यावर सरसकट टीका होते, तीही अर्धवट माहितीवर. घटनेच्या कलम ७२ चा, म्हणजे शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा, अधिकार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. फाईल गृहमंत्रालयाकडून येते. २०११ मध्ये दिल्लीतल्या १९९३ च्या बॉम्बस्फोटातला दोषी भुल्लर आणि राजीव गांधी हत्येतल्या दोषींचे अर्ज फेटाळले गेले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून त्या सर्वांची फाशी जन्मठेपेत बदलली. तो विलंब एका राष्ट्रपतींच्या काळातला नव्हता. पुण्यातल्या लष्करी जमिनीवरच्या निवृत्तिनिवासाबद्दल मात्र झालेली टीका रास्त होती. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी तो सोडला.

खोलात जायचं असेल तर राष्ट्रपती भवनातली भाषणं नंतर वाचा. आधी विधानसभेच्या कार्यवाहीतले १९७९-८० चे खंड काढा, मग राज्यसभेचे १९८६ ते ८८ चे.