पाणी चढतं कुठून?

या वेळची निम्मी पत्रं पुराची आहेत. आषाढ जवळ आला की हे ठरलेलंच. मी पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळं ‘तुम्ही खात्याचीच बाजू घेणार’ असा टोमणा एका पत्रात आधीच मारून ठेवलाय. असू दे. चार पत्रं घेतो. पहिलंच जास्त जागा खाणार, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. आमच्याकडं धड छत्री उघडावी एवढाही पाऊस नसतो आणि तरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढतच राहतं. सगळे म्हणतात, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी अडवलं. खरं काय?
— एक वाचक, सांगली

तुमच्या दारात येणारं पाणी तुमच्या पावसाचं नसतंच. ते महाबळेश्वर, नवजा, चांदोली, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यातलं. कोयना खोऱ्यातल्या नवजाला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, सांगलीचा पाऊस त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तुमच्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला टँकरची वाट बघतात आणि पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही.

आता उताराचं बघा. महाबळेश्वरचा माथा साडेतेराशे मीटरवर, वाई सातशेच्या आसपास. म्हणजे पहिल्या थोड्याशा वाटेत कृष्णा सहाशे मीटर खाली येते. पुढं वाईपासून सांगलीपर्यंतच्या सगळ्या प्रवासात जेमतेम दीड-पावणेदोनशे मीटर. डोंगरात पळणारं पाणी इथं रेंगाळायला लागतं. आणि नेमक्या या रेंगाळणाऱ्या टप्प्यातच एकेक नदी येऊन मिळते. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, तुमच्या उशाशी हरिपूरला वारणा आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. पंचगंगा स्वतःच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती घेऊन आलेली.

या नद्या एकामागून एक आल्या तर फारसं बिघडत नाही. सगळ्या एकाच वेळी भरून आल्या की घोटाळा. वाडीला पंचगंगा दुथडी असली तर वरून येणाऱ्या कृष्णेला पुढं सरकायला वाट मिळत नाही आणि पाणी मागं फुगतं. काठावरची माणसं ‘फुग आली’ म्हणतात ती हीच. सांगलीवर ऊन पडलंय, कोयनेचा विसर्ग कमी केलाय, आणि पुलावरची पातळी मात्र हलत नाही, असं झालं की वाडीकडं आणि हरिपूरकडं बघायचं. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी एका अंगानं शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नानाला गर्दी होते. पाणी येणार आणि जाणार हे गृहीत धरून चालणारं देऊळ आहे ते. आपण मात्र नदीकाठी पार्किंगला तळघर काढतो.

पुलावरच्या पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीबद्दल एक सांगतो, कारण टीव्हीवर हे कुणी सांगत नाही. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. वीस फुटांवरून एकवीसवर जायला जेवढं पाणी लागतं, त्याच्या कितीतरी पट पाणी पन्नासवरून एक्कावन्नवर जायला लागतं. कारण तोवर नदी पात्र सोडून रानात पसरलेली असते. म्हणून शेवटचे फूट इंचाइंचानं चढतात, आणि उतरतातही तसेच. २००५ ला पट्टी ५३ च्या वर गेली, २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ ओलांडून. ५३ आणि ५७ मध्ये फरक ‘चारच फुटांचा’ वाटतो. ते चार फूट पाणी किती चौरस किलोमीटरवर उभं होतं, ते डोळ्यांपुढं आणा.

मग धरणं कशाला? एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणातून सेकंदाला एक लाख घनफूट, म्हणजे एक लाख क्युसेक, पाणी सोडलं तरी एक टीएमसी रिकामा व्हायला दहा हजार सेकंद लागतात. पावणेतीन तास धरा. दहा टीएमसीची जागा करायची तर सव्वा दिवसाच्या आसपास लाखाचा विसर्ग चालू ठेवायचा, आणि तोही नदीला भरती नसताना. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. ऑगस्टच्या सुरुवातीला ते धरण जवळपास भरलेलं असेल आणि वर आठवडाभर कोसळत राहिला, तर दार उघडणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. जागा आधीच ठेवायला हवी होती, हे म्हणणं रास्त आहे. पण जुलैत धरण रिकामं ठेवा म्हणणाराच, पुढं पाऊस दडी मारून बसला, तर मे महिन्यात मोर्चा घेऊन येतो. मी दोन्ही बघितलंय. माझं स्वतःचं मत विचाराल तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत धरणात जास्त जागा राखावी आणि उन्हाळ्यातली टंचाई सोसायची तयारी ठेवावी. घराघरांत पाणी शिरण्यापेक्षा ते परवडलं.

राहता राहिली अलमट्टी. ते धरण नदीवाटेनं तुमच्यापासून दोनशे किलोमीटरहून खाली. पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर आणि सांगलीजवळचा नदीचा तळच त्याहून उंच. २०१९ नंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. काठावरच्या अनेकांना ते पटलं नाही, आणि त्यांचा एक मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पातळीची तुलना हे साचलेल्या पाण्याचं गणित झालं. वाहत्या पुराचा फुगवटा त्याहून वर चढू शकतो, तो किती चढतो ते नदीचे छेद घेऊन मोजावं लागतं. उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा राज्याराज्यांतल्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या कृष्णा लवादानं कर्नाटकला दिलेली आहे, तेव्हा हे मोजमाप पुन्हा पुन्हा मागायलाच हवं. पण कोयना, वारणा आणि पंचगंगा एका आठवड्यात भरून आल्या, तर उद्या अलमट्टी नसली तरी गावभागात पाणी येणारच.

प्रश्न : नदी सरळ का वाहत नाही? आमच्या गावाजवळ एका काठाला सरळ कडा आहे आणि समोर नुसती वाळू.
— इयत्ता आठवीतली वाचक, पलूस तालुका

तू अर्धं उत्तर स्वतःच लिहिलंयस. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठाला लागतो. तो काठ तासला जातो, खाली डोह पडतो. एखादं करंजाचं झाड मुळं उघडी टाकून लोंबकळताना दिसतं ते याच काठावर. आतल्या बाजूला पाणी सुस्त, तिथं वाळू आणि गाळ बसतो. म्हणजे वळण आणखी वळतं.

पण बाहेर तासलेली माती पुढं वाहून जाते म्हणावं, तर आतल्या काठाला वाळू आणतं कोण? घरी करून बघ. कपभर पाण्यात चिमूटभर चहापत्ती टाक, ती तळाशी बसू दे, मग चमच्यानं गोल ढवळून चमचा काढून घे. पत्ती कडेला फेकली जाईल असं वाटतं ना? ती मधोमध गोळा होते. वरचं पाणी कडेकडं जातं आणि तळाशी घासून मंदावलेलं पाणी मध्याकडं परततं, येताना पत्ती ओढून आणतं. नदीच्या वळणावर तळाचं पाणी असंच आतल्या काठाकडं वळतं आणि सोबत वाळू आणतं. अल्बर्ट आइन्स्टाइननं १९२६ मध्ये यावर एक लेख लिहिला होता, हेच चहाचं उदाहरण देऊन.

भूगोलाच्या पुस्तकात पुढं नालाकृती सरोवर असेल. वळण इतकं वाढतं की त्याची मान बारीक होते, एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ जाते आणि जुनं वळण तळं होऊन मागं राहतं. बिहारची कोसी असल्या उलथापालथीसाठी कुप्रसिद्ध. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली, आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये नेपाळात कुसहाजवळ तिचा बांध फुटल्यावर पाणी पुन्हा जुन्या प्रवाहांकडं धावलं. तुझी कृष्णा तशी नाही. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात तिनं आपली वाट खोल कोरून ठेवलीय, काठ उंच आहेत, इकडं तिकडं भटकायला तिला मुभा नाही. कोसी जागा बदलते, कृष्णा जागेवर उंच होते.

आणि उंच होऊन पसरली की गाळ टाकते. हरिपूरला गेलीस तर हळदीच्या पेवांबद्दल विचार. जमिनीत विहिरीसारखे खोल खड्डे खणून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवत. दगड न लागता एवढं खोल खणता आलं, कारण ती सगळी माती पुरांनी थरावर थर आणून टाकलेली. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवं गेली.

प्रश्न : सावित्रीसुद्धा महाबळेश्वरचीच. मग आमचा पूर रातोरात का येतो?
— एक वाचक, महाड

कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे चौदाशे किलोमीटर जायचं आहे, सावित्रीला शे-सव्वाशे. तोच माथा आणि समोर लगेच समुद्र, त्यामुळं घाटाखाली पाणी अंगावरच येतं. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, आणि महाड कुठं वसलंय, तर घाटाचा उतार संपतो आणि खाडीची सपाटी सुरू होते तिथं. वरून धोंडेगोटे आणि गाळ घेऊन आलेलं पाणी इथं ओझं टाकतं, पात्र उथळ होतं. त्यात बाणकोटला खाडीच्या तोंडाशी भरती असली की निचरा तुंबतो. सांगलीकराला सामान माडीवर न्यायला एक-दोन दिवस मिळतात. तुम्हाला काही तास. म्हणून पट्टीपेक्षा तुम्ही महाबळेश्वर-पोलादपूरच्या पावसाचे आकडे बघत चला.

प्रश्न : नदीपासून थोडा लांब एक प्लॉट बघितलाय. एजंट म्हणतो, ‘लाल रेषेच्या काठाला आहे, शंभर वर्षांत एकदा पाणी येतं, ते येऊन गेलं. आता शंभर वर्षं बघायला नको.’ घ्यावा का?
— एक वाचक, इचलकरंजी

एजंटला माझा नमस्कार सांगा. पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढा पूर, लाल म्हणजे शंभरातून एकदा. पण नदी वर्षं मोजत बसत नाही. शंभरातून एकदा याचा अर्थ, तेवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का, काल येऊन गेला असला तरी. तुमचं गृहकर्ज तीस वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सव्वीस टक्के होते. सत्तर वर्षांत निम्मी. शिवाय हे टक्के जुन्या नोंदींवरून काढलेले. २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ आलं, तेव्हा ते नव्यानं काढावे लागणार हे उघड आहे.

घ्यावा की नाही ते किमतीवर आणि तुमच्या धीरावर. पण इसार देण्याआधी एक करा. जवळच्या जुन्या घरांत जाऊन २०१९ आणि २०२१ ची पाण्याची खूण विचारा. बहुतेक घरांत कुणीतरी भिंतीवर रेघ मारून तारीख घातलेली असते, नसली तर गिलाव्याचा डाग दिसतो. मग ओळखीच्या गवंड्याला लेव्हलची नळी घेऊन बोलवा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, ज्यानं ते जोत्याची पातळी धरतात. एक टोक त्या खुणेला लावायचं आणि टप्प्याटप्प्यानं पातळी तुमच्या प्लॉटपर्यंत आणायची. पाणी जिथं येईल तिथं कुंपणाच्या खांबावर खडूनं रेघ मारा. रेघ गुडघ्याखाली आली तर जोतं किती उंच घ्यायचं त्यावर बोलू. खांदा ओलांडून गेली तर मात्र एजंटाचा चहा पिऊन परत या.